पैलतीर दिसत नसताना

मोंतेविदेओत नदी समुद्राएवढी आहे.
पैलतीर दिसत नाही, तरी रोज बोट सुटते
आणि तिकीट काढणारं कुणीच विचारत नाही
तिकडे खरंच काही आहे का.

उंदराचा गर्भ, सतरा दिवसांचा,
मेंदू वालाच्या दाण्याएवढा.
नेलिदा बार्रेइरो सुईच्या टोकावर
रंगाचा एक लाल कण उचलते,
डाव्या बाजूला खोचते, झाकण लावते
आणि सहा आठवडे थांबते.
रंग घाई करत नाही. तीही नाही.

मग भिंगाखाली दिसतात ते, घर सोडून निघालेले तंतू.
प्रत्येकाच्या टोकाला उघडा पंजा.
डोळे नाहीत, नकाशा नाही,
चाचपत चाचपत,
कुठून तरी 'ये' असा वास,
कुठून तरी 'इकडे नको'.
त्या 'ये'चं नाव नेट्रिन,
संस्कृतातल्या नेतृ शब्दावरून;
मी सांगितलं तर नेलिदा म्हणाली,
पुढारी? इतका लहान? आणि दिलेला शब्द पाळणारा?

मध्यरेषा ओलांडेपर्यंतच ती हाक गोड.
ओलांडली की तीच रेषा मागून ढकलते:
आता परतायचं नाही.

आजचा काप वेगळा आहे.
या पिल्लात मधला पूल बांधलाच गेला नाही.
तंतू काठापर्यंत आले,
थबकले,
आणि मेले नाहीत.
वळले. आपल्याच काठानं
पुढून मागे धावत सुटले,
एकमेकांना बिलगून, पीळदार, जाड,
कुठल्याच चांगल्या मेंदूत नसतो असा दोर.

नेलिदा खुर्ची मागे सरकवते.
तिचा फेर्मिन अकरा वर्षांचा आहे.
त्याच्याही एमआरआयमध्ये तो पूल नाही.
बुटाच्या नाड्यांना सकाळची वीस मिनिटं जातात.
विनोद दुसऱ्या दिवशी कळतो,
तेव्हा तो बसमध्ये एकटाच हसतो, खो खो,
आणि बसवाला आरशातून बघतो.
बोटींची वेळापत्रकं त्याला पाठ आहेत,
वाऱ्यामुळे रद्द झालेल्यांसकट.
रविवारी दोघं नदीच्या कडेनं चालतात.
कधी कधी पार बंदरापर्यंत.

माते गार झालेला. तरी ती एक घोट घेते,
पेला माझ्याकडे सरकवते,
आणि नोंदवहीत लिहिते:
पूल नाही. तंतू शाबूत. भरपूर.

मग 'भरपूर' खोडते,
मोजून आकडा लिहिते.