दोन मास्टर

उद्यमनगरातून रिक्षानं आला डबा,
आत बोटभर फौंड्रीची काळी धूळ.
हिंदुराव म्हणाले, "सुरू हुतंय, पण दोन्ही डिस्क गायब."

गायब नव्हत्या.
स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कला, मूठ कानाला,
लेथचं बेअरिंग ऐकतात तसं ऐकलं:
फिरत होत्या दोन्ही, बारीक गुणगुणत.
पडद्यावर मात्र
प्रायमरी मास्टर, काही नाही.
प्रायमरी स्लेव्ह, काही नाही.

चपटी राखाडी केबल बदलली.
पॉवरची पिन हलवून बघितली.
चहा झाला.
मग भिंग धरलं, तर जंपर दोन्हीचे एकाच जागी.
एका म्यानात दोन तलवारी.

"ही दुसरी कुणाची?"
दारातच उभे होते सर्जेराव, चप्पल न काढता.
"माझी. वाटणीत आल्याली.
पंपाचे जुने पॅटर्न तिच्यातच हाईत."

"मग मास्टर कुणाची ठेवू?"
बाहेर एका टेम्पोनं
रिव्हर्सची ट्यून पूर्ण वाजवून संपवली.

चिमट्यानं काढले दोन्ही जंपर,
तिसऱ्या जागी बसवले, केबल सिलेक्ट.
कोण पुढं, कोण मागं
ते आता केबलनं बघावं.

उमटली दोन नावं, एकाखाली एक.
बोर्डावरचा सेल मेलेला,
म्हणून तारीख एक जानेवारी दोन हजार दोन.
फौंड्रीला तेव्हा एकच फाटक होतं.

"सेल घालून तारीख सुधारू?"
हिंदुराव चष्मा पुसत राहिले.
सर्जेरावांनी स्टूल ओढलं.
"सुधारा की.
पण आधी ते पंपाचं उघडा."