तेवीस

किसुमूच्या दवाखान्यात बुधवार
सिकलसेलच्या मुलांचा.
माझ्याकडे अठ्ठावीस प्रश्न, एक पेन्सिल
आणि पाच चेहऱ्यांचा पुठ्ठा:
पहिला हसरा, पाचवा रडका,
मधले तिघे कसनुसे.

ओबुया नऊ वर्षांचा. पुठ्ठा उलटा धरून म्हणाला,
"बघ, रडका हसला.
डोळे तेवढे हनुवटीवर आलेत."

गेल्या महिन्यात धावता आलं का?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी.
"मी गोलकीपर आहे.
धावतात ते बाकीचे. येतात माझ्याकडेच."
पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.
शेवटी "कधीच नाही"वर खूण केली
आणि ती दिवसभर
भातातल्या खड्यासारखी दाताखाली येत राहिली.

शाळा बुडाली अकरा दिवस.
त्या अकरा दिवसांत शेजारच्या खाटेवरच्या
ट्रकवाल्याच्या पोरीनं त्याला
किकुयूतल्या चार शिव्या शिकवल्या.
त्या कुठे धरायच्या?

आणि दुखतं तेव्हा?
"हाडांत कुणीतरी ओमेना तळतं."
थांबून म्हणाला, "मीठ जास्त घालून."

आई, रोझलिडा, पलीकडच्या खोलीत.
डुंगाच्या धक्क्यावर मासळी विकते.
प्रश्न तेच. उत्तरं देते
उसने पैसे परत मोजावेत तशी.
मग म्हणाली, "रात्री उठून
त्याच्या नाकाशी हात धरते मी.
हा प्रश्न नाही का तुमच्यात?"
नव्हता.

आमच्या लुओत जगणं आणि बरं असणं
एकाच शब्दात राहतात: न्गिमा.
फॉर्मचं शीर्षक मी तिला दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा तेच निघालं:
तुझ्या मुलाचं जगणं
किती जगतंय?

संध्याकाळी बेरीज. शंभरपैकी
मुलाचे चौसष्ट,
आईचे एक्केचाळीस.
नैरोबीचे डॉक्टर फोनवर म्हणाले,
फरक पडतोच, तक्त्यात बसतो.
बसत असेल.

खिडकीतून फाटक दिसतं.
दोन खांबांच्या मध्ये ओबुया उभा,
हात फाकून, गुडघे किंचित वाकवून.
समोरून आई, खांद्यावर पिशवी,
पिशवीत गोळ्या, कोमट पाण्याची बाटली.
ती डावीकडे झुकली, तो डावीकडे गेला,
ती उजवीकडून निसटली.
"फाऊल!" तो ओरडला.
ती वळली. पुन्हा मागे गेली.
पुन्हा आली,
या वेळी सरळ त्याच्या हातांत.

एकोणतिसावा प्रश्न मला तेव्हा सुचत होता बहुतेक,
पण मटाटू आली,
आणि ती दोघं चढलीसुद्धा.