दर पाच वर्षांनी एक रात्र

नोव्हेंबरात केमीला दुपारीच दिवेलागण होते,
रात्रपाळी नेमकी कधी सुरू झाली ते सांगता येत नाही.
क्रमांक एकशे सतरा
बूट दाराशी काढून लोकरी मोज्यांनी येतो कॉरिडॉरमधून.
सहावी खेप.
पहिल्यांदा आला तेव्हा तो एकेचाळीसचा, मी चोवीसची,
आणि त्याच्या डोक्याला तारा चिकटवताना
माझेच हात कापत होते.

तेव्हा नोंद कागदावर व्हायची.
रात्रभर सुया खरखरत, घड्या पडत राहायच्या टोपलीत,
सकाळी एका माणसाची झोप भरायची चार किलो.
तासाला त्रेचाळीस वेळा थांबायचा.
छाती ओढत राहायची, पोट ओढत राहायचं,
नाकाशी मात्र वारा नाही.
सर्वांत लांब थांबा एकाहत्तर सेकंदांचा.
काचेच्या अलीकडे मी, हातात घड्याळ,
आणि साठाव्या सेकंदाला ध्यानात आलं
की मीही श्वास घेतलेला नाही.

सकाळी त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.
"झकास लागली झोप," म्हणाला,
आणि बुटाची नाडी बांधता बांधता डुलकी घेतली.

ठाऊक होतं केर्त्तूला.
प्रश्नावलीत एक रकाना जोडीदाराचा असतो:
घोरतो का, गुदमरतो का, रात्रीतून किती वेळा.
त्या इवल्याशा चौकटीत तिनं लिहिलं होतं,
"मोजत नाही. कोपर मारते."
अकरा वर्षं झोपेचं खोबरं झालेल्या बाईचं
एवढंच निवेदन.

मग मुखवटा आला, नळी आली,
उशाशी गुणगुणणारी पेटी आली.
सुरुवातीला तीनशे बारा जण होते.
कुणी मुखवटा महिन्याभरात माळ्यावर टाकला,
कुणी मुलीकडे स्वीडनला गेलं,
कुणाचं हृदय,
कुणाची गाडी रोव्हानिएमीच्या नाकासमोरच्या रस्त्यावर
वळण नव्हतं तिथं वळली.
अहवालात त्यांना म्हणतात, पाठपुराव्यातून गळालेले.
मला त्यांचे मोजे आठवतात.

या खेपेलाही मी नेहमीसारखं वाचत गेले:
वजन, रक्तदाब,
मुखवटा रोज किती तास,
जोडीदाराच्या मते –

तो खिडकीबाहेर बघू लागला.
बाहेर एक माणूस गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता,
सावकाश, जणू त्याला कुठेच जायचं नाही.
"मार्चमध्ये," एकशे सतरा म्हणाला.

फॉर्मवर तीन पर्याय: होय, नाही, सांगता येत नाही.
मी पेन्सिल खाली ठेवली.

रात्री आलेख स्वच्छ. तासाला दोन.
शास्त्राच्या हिशेबी बरा झालेला माणूस.
फक्त तीन वाजून दहा मिनिटांनी
त्याचा डावा हात उठला,
चाचपत गेला गादीच्या कडेपर्यंत.
आमचे पलंग एकट्याचेच असतात.
मी 'हालचाल' अशी खूण केली.
यादीत दुसरा शब्द नाही.

सकाळी केसांत गोंद तसाच ठेवून त्यानं विचारलं,
ती पहिली रात्र आहे का हो अजून तुमच्याकडे?

तळघरात होती. खोकं वर आणलं, धूळ झटकली.
त्यानं आधी रेषांकडे पाहिलंच नाही.
कागद दोन बोटांत धरून चोळला,
उजेडाकडे नेला,
कागद गिरणीत तीस वर्षं काढलेल्या माणसानं
जसा न्यावा तसा.
"हा आमचाच. दोन नंबर मशीनचा.
कड बघा, किंचित जाड येते."
आता ती गिरणी नाही, ते मशीनही नाही.
खोक्यावर जर्मनीतल्या कारखान्याचं नाव होतं;
मी ते हळूच भिंतीकडे फिरवलं.

मग त्याचं बोट रेषेवरून निघालं,
डोंगर चढलं, उतरलं,
आणि एका सपाट जागी थबकलं.
"इथं मारली असती तिनं."

घडी उलटली.
"आणि इथं."

"इथंसुद्धा."

त्याची बस सव्वानऊची होती.
अजून साडेतीन किलो रात्र उरली होती.