आउटर: भाड्याच्या वहीतून

माझ्याकडे त्यांचा फोटो नाही.
वही आहे, लाल पाठीची,
श्रीकृपा साउंड, जामनेर रोड, भुसावळ.
तिच्यात त्यांची सगळी कारकीर्द
माझ्या अक्षरात, उधारीसकट.

पहिली नोंद: दोन बॉक्स, एक अ‍ॅम्प, तीन माइक.
कॉलेजचं गॅदरिंग. भाडं चारशे.
फेगडे गायला. ड्रमवर मुबारक तडवी, यावलचा.
ग्लेन रेल्वे क्वार्टरमधून बापाची गिटार घेऊन आलेला,
आणि बेसवर वैजयंता बाविस्कर.
प्राचार्यांनी मलाच विचारलं, ही कुणाबरोबर आहे?
मी म्हटलं, सर, तीच पुढे चालतीये.

नाव काय लिहू?
फेगडे म्हणाला, आउटर.
भुसावळ आलं, आलं म्हणत बॅगा खाली काढायच्या
आणि गाडी तासभर बाभळीत उभी,
दीपनगरच्या चिमण्या बघत.
ते आपलं खरं स्टेशन, म्हणाला.

गाणी वैजयंताची. पारोळ्याकडची अहिराणी.
‘गाडी उनी नही, मी गऊ नही’
एवढं एकच वाक्य, अकरा मिनिटं.
पोरं हसली. कुणीतरी ओरडलं, हळदीचं लावा!
चौथ्या मिनिटाला फेज गेली.
तडवी थांबला नाही.
अंधारात नुसता ड्रम
आणि त्याच्याखाली हसणं दबत दबत गेलेलं.
नोंद: एक माइक पडून चेपला. पैसे घेतले नाहीत.

मग जळगावला सीडी केली,
जिथे भजनी मंडळं रेकॉर्ड व्हायची तिथेच.
मालक म्हणाला, गिटार खरखरतेय, साफ करू?
ग्लेन म्हणाला, खरखरीचेच पैसे देतोय.
पाचशे काढल्या, दोनशे बारा खपल्या.
त्यातल्या चाळीस सावद्याच्या एका केळीवाल्याने घेतल्या,
ट्रक ड्रायव्हर जागे राहतात म्हणून.

पुण्याच्या स्पर्धेत तिसरे.
निवेदिका म्हणाली, खास विदर्भातून आलेले!
येताना गाडी आउटरलाच थांबली. पहाटे साडेतीन.
कुणीच विनोद केला नाही.
उतरले, रुळाच्या कडेने चालत आले,
माझा अ‍ॅम्प पाळीपाळीने डोक्यावर.

एका कंपनीला हिंदी गाणी हवी होती.
फेगडे तयार होता.
भांडण माझ्या गोडाऊनमध्ये झालं,
भरताच्या पातेल्याभोवती, पुऱ्या गार होईपर्यंत.
कोण काय बोललं ते वहीत नाही.
पुढच्या पानावर फक्त
दोन बॉक्सच्या जागी एक.
नंतर तेही नाही. लग्नं. गणपती. उद्घाटनं.

तडवी रेल्वेत लागला, मालगाड्या नेतो.
ग्लेन पर्थला. वैजयंता शिरपूरला गणित शिकवते.
फेगडेचा आवाज ऐकायचा असेल तर
ठिबकच्या नळ्यांची जाहिरात ऐका,
शेवटी ‘थेंब थेंब’ म्हणतो तो.

पंधरा वर्षांनी ग्लेनचा बाप वारला.
दफनविधी आटोपून चौघे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये जमले.
ट्यूनिंगलाच पाऊण तास. ऐकायला तीस माणसं,
त्यात नऊ माझी, वायरी गुंडाळायला थांबलेली.
एकच वाक्य असलेलं गाणं
आणि फेगडे विसरला.
वैजयंता बेस वाजवत माइकपाशी आली,
त्याच्याकडे न बघता तिने पूर्ण केलं.
तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.
वीस वर्षं मी त्यांचा साउंडवाला होतो.

लोक सांगतात, आउटरला गाडी अडली
की तडवी त्याच गाण्यावर हॉर्न देतो.
खोटं आहे. मी विचारलंय.
काका, मेमो मिळतो, म्हणाला.

बाकी: साडेतेराशे.
मुलगा म्हणतो, वही रद्दीत द्या, सगळं मोबाईलवर आहे.
चेपलेला माइक मात्र तोच वापरतो.
परवा वरणगावला साखरपुड्याला दिला होता.
‘स’ आला की शिट्टी मारतो.
बाकी चालतो.