शीव

बांबोळीच्या दुसऱ्या मजल्यावर
मंडळाची मतं मी टाइप करते.
सह्या डॉक्टरांच्या, चुका माझ्या.

तिचं नाव इथं येणार नाही.
कायदाच तसा आहे, नावाच्या जागी आकडा घालायचा.
तेवढं एक बरं केलंय त्यानं.

सावंतवाडीच्या मशीननं सांगितलं
चोवीस आठवडे तीन दिवस.
आमच्या मशीननं, तेवीस आणि सहा.
ती म्हणाली, गौरी गेल्यार चवथ्या दिसापासून मोज गो,
माका कोण विचारता?
तीन मोजण्या, पोट एकच.
आणि आत ज्याची कवटी मिटलीच नाही
ते कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

कायदा दिल्लीनं केला.
खुर्च्या मांडायच्या पणजीनं.
पाच मांडल्या, चार भरल्या.
सोनोग्राफीचे डॉक्टर शिगम्याला काणकोणला,
फोन लागेना.
मधे रविवार. आठवडे रविवारीही चालतात.

कुंकळ्येकर सर सज्जन माणूस.
चष्मा पुसत म्हणाले,
दोडामार्ग म्हणजे सिंधुदुर्ग ना?
मग त्यांचं मंडळ त्यांच्याकडं.
आपण दुसऱ्या राज्याच्या भानगडीत कशाला?
उद्या पर्वरीहून कागद आला म्हणजे?
पर्वरीला कोर्ट आहे, मांडवीच्या पलीकडं.
मी बऱ्याच फायली पूल ओलांडताना पाहिल्यात,
परत येईतो आकडे बदललेले असतात.

सासू दाराशी उभी होती, पिशवीत पेजेचा डबा.
म्हणाली, आमच्या परसातच शीव हा, डॉक्टरानू.
पोफळ म्हाराष्ट्रात, सुपारी पडता गोयात.
ती कोणाची, ह्या सांगा आदी.

शिपाई हसला.
मिनेझिस बाई हसल्या नाहीत.
पातळसं पुस्तक उघडून बोट फिरवत गेल्या,
किती आठवडे, विचारलंय.
काय बिघडलंय, विचारलंय.
राहते कुठं, ते मला तरी इथं सापडत नाही.
कुणाला सापडलं तर सांगा.

बराच वेळ पंखाच बोलत होता.

मी बोलले नाही. मला बोलायचं नसतं.
पण एकोणीस वर्षांची असताना मी बेळगावला गेले होते,
पहाटेच्या कदंबनं, चोर्ल्याच्या वळणांवर ओकत.
डिचोलीत दवाखाना नव्हता असं नाही.
डिचोलीत सगळे मला ओळखत होते.
लहान राज्यात कायदा पोचतो,
पण त्याच्याआधी काकू पोचते.
बेळगावात कुणी विचारलं नाही, गोव्याची का म्हणून.
विचारलं असतं तर मी आज
ह्या खुर्चीत असते की नसते, कोण जाणे.

पाचवे डॉक्टर मंगळवारी आले,
कानामागं गुलाल तसाच.
मत झालं. मी टाइप केलं.
सवयीनं ‘परवानगी’ लिहून गेले,
मिनेझिस बाईंनी खोडलं. म्हणाल्या, मत.
परवानगी द्यायला ती काय आपल्याकडं घर बांधतेय?

नवरा पेन काढून उभा.
मी खय सही करू?
मी कागद उलटून पालटून दाखवला.
तुमच्यासाठी ह्यात रकाना नाही.
तो रागावला नाही. एवढंच,
की पेनाचं टोपण लावायला त्याला फार वेळ लागला.
सही तिनं केली, आडनाव अर्ध्यावर सोडून.

बुधवारी घरी जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली.
रजिस्टरात ‘राज्य’ असा एक रकाना आहे,
छापखान्यानं छापलेला, कायद्यानं नव्हे.
तिथं मी काय लिहिलं ते
कुंकळ्येकर सरांनी अजून पाहिलेलं नाही.

ती माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.
मग म्हणाली,
आता दीस मोजूचे नाय मां?

मी उठून पंखा वाढवला.