साबणावरचा ठसा

पापाच्या तिकटीला, चपलांच्या रांगेकडे पाठ करून,
माझी पेटी एकतीस वर्षं एकाच दगडावर.
कानशीचा आवाज ऐकून गिऱ्हाईक येतं.
काय काय मोडलं आयुष्यात, एक नियम तेवढा मोडला नाही:
साबणावर ठसा घेऊन कुणी आलं
तर किल्ली पाडायची नाही.

एकदा एक इस्त्रीच्या शर्टातला आला होता,
रुमालात गुलाबी वडी गुंडाळून.
"घरचीच हाय ओ, हरवली."
"हरवली, तर ठसा कशाचा घेतलासा?"
चहा मागवला होता, तो तसाच ठेवून गेला.

आणि माझ्याच पोरानं
परवा रात्री सव्वाअकराला, पांघरुणात,
न बघितलेल्या माणसाला
सहा आकडे वाचून दाखवले.
एकेक. सावकाश. त्याला नीट लिहून घेता यावं म्हणून.

"फुकटात हिरे देतो म्हणाला, पप्पा."
हिरे!
गुजरीत नथीचा एक खडा घ्यायला
तुझ्या आईनं तीन दुकानं पालथी घातली,
उन्हात धरून बघितला, भिंगातनं बघितला,
तरी घरी येईपर्यंत तिला धाकधूक.

काय गेलं, तेच आधी मला कळेना.
सायकल न्हाई, भांडं न्हाई,
पंचनाम्यात लिहायचं काय?
इंद्या सांगत गेला, भिंतीकडं तोंड करून:
तीन वर्षं गेली.
एका दिवाळीला मिळालेला लाल फेटा,
जो आता कुणालाच मिळत नाही.
एक बंदूक, आईच्या माहेरच्या नावाची.
आणि नाव: रांगडा ४१६०१२.

"आणि कुलूप?"
"...पासवर्ड पण त्योच हुता."

म्हणजे दाराला कुलूप
आणि किल्ली त्याच दाराच्या खिळ्याला.

बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.
माझ्या एटीएम कार्डाच्या पाठीवर
डॉटपेननं चार आकडे आहेत.
अक्षर इंद्याचं. मीच लिहून घेतलेत.

दुसऱ्या रात्री त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला.
हा माझ्या शेजारी बसलेला, हात रिकामे,
आणि हाच तिकडं फेटा बांधून फिरतोय.
तौफिक शिकलगारला निरोप गेला:
"भाऊ, एक कोड आला असेल, पाठव ना."
तौफिक थबकला.
इंद्यानं जन्मात त्याला भाऊ म्हटलं नव्हतं,
भावा म्हणतो, नाहीतर शिवी घालतो.
त्यानं उलट विचारलं, "काल तालमीमागं कोण पडलं?"
तिकडनं काही आलं नाही.

इचलकरंजीच्या सुयशनं मात्र कोड दिला.
मामाचा पोरगा. घरात सगळे
त्याला भाऊच म्हणतात.

त्या रात्री इंद्या जेवला नाही.
फेट्यासाठी नव्हे, ते मला दिसत होतं.

चौकीतल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही.
"चोरीस गेलेली वस्तू" पुढं बराच वेळ पेन धरलं,
मग लिहिलं: फेटा, लाल, एक.
"किंमत?"
इंद्या माझ्याकडं बघायला लागला.
मी हवालदाराकडं.

कंपनीचा निरोप आला, विनंती मिळाली आहे.
अजून मिळालेलीच आहे.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
कार्डाची पाठ रॉकेलच्या बोळ्यानं घासत बसलो,
आकडे गेले, निळा डाग राहिला.
पोरगं पेटीशेजारी येऊन टेकलं.
नवा गडी उघडला त्यानं,
बोडका, अनवाणी, पहिल्या पायरीवरचा.
नवं नाव, मला न सांगितलेलं.
मग पासवर्ड टाकताना
त्यानं पडद्यावर आडवा तळवा धरला.

"माझ्यापासनं रं?"
तो ओशाळला. तळवा मात्र काढला नाही.

एकतीस वर्षं कुलूप दिसलं की
माझा डोळा आधी भोकात जातो.
मी मान वळवली,
समोर कुणीतरी चपलेचा अंगठा दाबून बघत होतं,
ते बघत राहिलो,
त्याचं टाइप करून होईपर्यंत.