ओलं वजा कोरडं

शेंडा पार्कातल्या खोलीत तेवीस वर्षं
मी मातीच्या डब्या जोखल्या.
ॲल्युमिनियमची डबी, झाकणावर खिळ्यानं कोरलेला आकडा,
आत मूठभर रान.
आधी ओलं वजन.
मग ओव्हनमध्ये रात्रभर, एकशे पाच अंशांवर.
सकाळी कोरडं वजन.
वजाबाकी करायची; उरेल तेवढं पाणी
मातीनं पोटाशी धरलेलं.

मगदूम मॅडमचं काम शाळूवर.
कोल्हापुरात!
जिथं म्हशीलासुद्धा डुंबायला
नदी की तळं, असा प्रश्न पडतो.
ऊसवाले कामानिमित्त यायचे, डब्यांची रांग बघून हसायचे:
"पाण्यात ऱ्हाऊन तान मोजताय व्हय मॅडम?"
मॅडम चष्मा पुसायच्या, म्हणायच्या,
"जेवून उठलेल्याला भुकेचा अंदाज येत नाही.
म्हणून काटा ठेवलाय."

आळत्याच्या माळाला आमचं भाड्याचं रान,
दीड हात माती, खाली मुरूम.
ऑक्टोबरात पावसानं पाठ फिरवली
की आमची शाळा भरायची.
चार वाफे.
पहिल्याला चार पाणी, दुसऱ्याला दोन,
तिसऱ्याला एकच, शाळू पोटरीत असताना.
चौथ्याला काही नाही.

चौथ्याकडं बघवायचं नाही.
दुपारी पानं सुरळी करून उभा,
गुन्हा नसताना कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखा.
एकदा मी माझ्या बाटलीतलं पाणी
गुपचूप त्याच्या बुडात ओतलं.
मॅडमनी बघितलं.
रागावल्या नाहीत. रजिस्टर पुढं केलं.
म्हणाल्या, लिही:
"वाफा चार. अर्धा लिटर. बी. ए. मुजावर. दया आली."

आणि शाई चालायची नाही त्यांना.
"शाई पाण्याची लेक, बाबालाल.
पाणी दिसलं की माहेरी निघते.
शिसपेन्सिलीनं लिही."

तिसरा वाफा पहिल्याच्या मागं फार नव्हता.
सुगीला कणसं मोडली, दाणे झोडले, जोखले,
पुन्हा जोखले.
मॅडम काटाच बदलून आल्या.
तरी तेच.
त्या दिवशी आम्ही बांधावर बसून हुरड्यातून राहिलेली चटणी
भाकरीबरोबर खाल्ली, कोणी काही बोललं नाही.

पुढं एकदा त्या हसणाऱ्यांतलाच एक आला, शिरोळकडचा.
पिशवीत माती. पांढरी.
पाणी पाजून पाजून मीठ फुटलेलं रान त्याचं.
"चाखून बघा," म्हणाला, उगीच, चिडून.
मॅडमनी चिमूटभर जिभेवर ठेवली खरी.
मग त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

ऑगस्टात पाणी दुधाळीत शिरलं.
शेवटचा अहवाल लिहायला
मॅडमनी सातही रजिस्टरं घरी नेलेली.
तीन दिवस ती पंचगंगेखाली.
चौथ्या दिवशी तांदळाच्या पोत्यात घालून आणली,
चिखलाचा वास, कडा शेवाळी.
मी घाईनं ओव्हनचं दार उघडलं.
"थांब," मॅडम म्हणाल्या,
"आधी ओलं वजन."

नऊ हजार तीनशे चाळीस.
साठ अंशांवर दोन रात्री, पानं पापडासारखी.
पाच हजार एकशे पंधरा.
मॅडमनी तोंडीच वजाबाकी केली:
"चार हजार दोनशे पंचवीस ग्रॅम पंचगंगा."
आणि हसता हसता टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

साहेबांच्या सह्या गेल्या होत्या.
शिक्के निळे डाग होऊन पसरलेले,
मंजुरीचे शेरे, तपासणीच्या तारखा, सगळं माहेरी.
आकडे मात्र होते तसे.
फिकट, तिरपे, माझ्या बोटांचे.

पाचव्या रजिस्टरात मॅडमचं बोट थांबलं.
वाफा चार. अर्धा लिटर.
मी खोडरबर काढला खिशातून.
म्हणालो, आता अहवालात हे कशाला, मॅडम.
त्यांनी खोडरबर घेतला,
ड्रॉवरमध्ये टाकला
आणि ती ओळ अहवालात उतरवायला घेतली,
नावासकट.